चाळीस आकड्यांचं वळण

चष्म्याच्या दुकानातल्या ताईच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं तिचा मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतो. दुकानाच्या मागच्या खोलीत ती बावीस वर्षं काचा घासते आहे. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर केसभर चुकलं, तर माणसाला जिन्याची पायरी भलतीकडेच दिसते, हे तिला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांची तिला कीव येते. लग्नाचं विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणते, जसं एखादं पत्र टाकायचं राहून जावं. घरात ती आणि आई. रविवारी दुपारी मात्र ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाते. तिथे तिला कोणी ताई म्हणत नाही. तिथे ती कप्तान.

या खोलीत जमणारी पंधरा-वीस माणसं एका जुन्या संगणकावरच्या खेळाने झपाटलेली आहेत. खेळ अवकाशातल्या लढाईचा. आपलं टीचभर लढाऊ यान, मागे हजारो माणसं पोटात घेऊन चाललेलं अवाढव्य मातृयान, आणि शत्रूच्या तावडीतून त्याला सुखरूप न्यायचं. कुठल्या मोहिमेत शत्रूची यानं किती, कुठल्या तोफेचा पल्ला किती, यावरून ही मोठी माणसं हमरीतुमरीवर येत. शेवटी सगळे कप्तानकडे बघत. ती बोलली की विषय संपला.

मग त्या खेळावर सिनेमा निघाला आणि खोलीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सिनेमाने खेळाचा गळा घोटला. दुसऱ्याचं, खेळ तो खेळ, सिनेमा तो सिनेमा. ताईने सिनेमा तीनदा पाहिला. दुसऱ्यांदा जाताना वही नेली. अंधारात न बघता लिहिलं, घरी येऊन सुवाच्य उतरवलं. एकूण त्रेचाळीस चुका निघाल्या. खेळात यानावर सहाच क्षेपणास्त्रं असतात, सिनेमातला नायक चौदा सोडतो. खेळातल्या जोडीदार वैमानिकाचा फक्त आवाज ऐकू येतो. सिनेमात त्याला चेहरा दिला, वर मिशाही दिल्या.

वाचनालयाने जाहीर वादविवाद ठरवला. सभागृहात, शहरातल्या लोकांसमोर. सिनेमाच्या बाजूने संगणक दुरुस्त करणारा दाढीवाला बोलणार होता. खेळाच्या बाजूने कोण, हे ताईच्या लेखी विचारण्यासारखंच नव्हतं. तिने नवी साडीसुद्धा इस्त्रीला टाकली होती.

आणि मध्येच धाकटी उपटली.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. शिवणयंत्रांच्या दुकानात यंत्र चालवून दाखवणं हे तिचं काम. बटण लावायला आलेली बाई तिच्या बोलण्याने शिवणयंत्र घेऊन जाते. तीही लहानपणी हा खेळ खेळलेली, पण गेली कित्येक वर्षं तिला त्याची आठवणही नव्हती. सिनेमा पाहून आली आणि म्हणाली, “ताई, मला पण घे ना तुमच्या ग्रुपात.” ताईने घेतलं. नाही कसं म्हणणार?

दोन दिवसांत धाकटीने ग्रुपवर आवाजातला निरोप टाकला. “सिनेमातलं मातृयान काय वळतं हो! नवऱ्याला भांडी घासायला बोलावलं की तो जसा गर्रकन दाराकडे वळतो ना, अगदी तस्सं.” सबंध ग्रुप खदखदला. ताईने त्याच सकाळी तोफांच्या पल्ल्याचा तक्ता टाकला होता. त्याला एक अंगठा आला. तोही चुकून दिलेला असावा, कारण थोड्या वेळाने तो नाहीसा झाला.

रविवारी ग्रंथपालांनी घसा साफ केला. “कप्तान, तुमची यादी बिनचूक आहे, त्यात वादच नाही. पण बाहेरचे लोक येणार. त्यांना यादी कशी ऐकवायची? तुमच्या बहिणीला बोलू द्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं.”

“माझी काहीच हरकत नाही,” ताई म्हणाली. तिने वही पिशवीत घातली आणि पिशवीची चेन दोनदा लावली.

घरी आईने ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. “तिला बोलायचं अंग आहेच, बाई. लहानपणी पाहुणे आले की तिलाच पुढे करायचो आम्ही.”

“आणि मला पाणी आणायला पाठवायचात.”

“मग? पाणी तू कधी सांडलं नाहीस,” आई म्हणाली. हे कौतुकच होतं. ताईला ते काट्यासारखं लागलं.

वादविवादाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी धाकटी भाषण ऐकवायला आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून, चमचा तोंडापुढे धरून बोलू लागली. ताई आईच्या चष्म्याचा स्क्रू पिळत बसली होती. भाषण चांगलं होतं, हीच तर पंचाईत होती.

“आणि मग ते वळण सांगणार,” धाकटी म्हणाली. “आठवतं ना? शत्रू पाठीमागून यायचा आणि मातृयान वळायला लागायचं. हळूहळू, हळूहळू. मी मोठ्याने आकडे मोजायचे. चाळीस होईपर्यंत तू श्वास धरून. मला वाटतं, ताई, खेळाचा जीव तिथेच होता. हजारो माणसं पोटात घेतलेलं यान असं गर्रकन कसं वळेल? सिनेमावाल्यांना ते कळलंच नाही.”

ताईचा हात थांबला.

खेळात मातृयान चाळीस आकडे घेत नव्हतं. जेमतेम चार घेत होतं. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या खोलीत कोणीतरी चांगल्या यंत्रावर खेळ लावला, तेव्हा ते वळण ताईने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या घरचा संगणक काकांच्या ऑफिसने निकालात काढलेला. एवढं मोठं यान रंगवताना तो बिचारा धापा टाकायचा, एकेक रेघ ओढायचा. अवकाशातली ती भव्य संथता म्हणजे मुळात भंगाराची दमछाक होती. त्या दिवशी ताई चारचौघांत काही बोलली नाही. डोळ्यात कचरा गेला म्हणून बाहेर जाऊन तोंड धुऊन आली, आणि तेव्हापासून तीही चारच आकडे धरून चालली. घरी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

आता सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“कसं वाटलं?” धाकटीने विचारलं.

ताईने चष्मा उजेडाकडे धरला, पुसला, पुन्हा धरला. “छान आहे,” ती म्हणाली. “ते वळणाचं मात्र मध्ये नको सांगूस. शेवटी ठेव. लोकांच्या लक्षात राहील.”

“म्हणूनच तर तुला ऐकवलं,” धाकटी म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. ताईने चष्मा वाकू नये म्हणून हात वर धरून ठेवला.

सभागृह भरलं होतं. दाढीवाला आधी बोलला, ठीकच बोलला. धाकटी उठली आणि पहिल्या दोन वाक्यांत माणसं खुर्चीत पुढे सरकली. जोडीदाराच्या मिशांवर ती बोलली तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ठसका लागला. ती चूक ताईच्या वहीतली, सतरावी. ताई पहिल्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसली होती आणि प्रत्येक हशा तिला कोणीतरी चिमटा काढावा तसा लागत होता. होऊ दे, ती स्वतःला सांगत होती, शेवट यायचाय अजून.

शेवट आला. धाकटीने माइकमध्ये एक, दोन, तीन मोजायला सुरुवात केली आणि दहापर्यंत सभागृह चिडीचूप झालं.

“माफ करा,” दाढीवाला म्हणाला. “चाळीस? खेळ माझ्याकडे आहे.” त्याने लॅपटॉप पडद्याला जोडला. मातृयान आलं आणि चार आकड्यांत वळलं. लोक हसले. त्याने पुन्हा दाखवलं, लोक पुन्हा हसले.

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. “ताई, सांग ना यांना. मोजायचो ना आपण चाळीस?”

“हो, कप्तानलाच विचारा,” ग्रंथपाल म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या.

ताई उठली. ज्या क्षणासाठी साडी इस्त्री केली होती तो हाच, असं तिला वाटलं. “खेळात चारच आहेत,” ती शांतपणे म्हणाली. “आमच्या घरचा संगणक मंद होता.”

मग धाकटीच हसली, आधी नाकातून, मग मोकळी. “म्हणजे काकांच्या ऑफिसने भंगारात काढलेल्या डब्यामुळे माझं अवकाश एवढं मोठं होतं होय!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. “सिनेमा त्या डब्यावरच काढायला हवा होता,” दाढीवाला म्हणाला. “मी हरलो, बाई. तुमचाच खेळ खरा.”

ताई अजून उभीच होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. बरोबर उत्तर तिने दिलं होतं आणि टाळ्या चुकीच्या उत्तराला पडत होत्या. तिला राहवलं नाही. “हे मला काही आज कळलेलं नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “अकरा वर्षं माहीत आहे मला.”

धाकटीचं हसू ओसरलं. तिने माइक टेबलावर ठेवला, अगदी अलगद, आवाज होऊ न देता.

जिन्यात ती ताईच्या पुढे चालली होती. खालच्या पायरीवर थांबली. “शेवटी ठेव म्हणालीस.”

“हो.”

“मला पाडायचं होतं तर नुसतं सांगायचंस, ताई. लहानपणी लुटुपुटीच्या लढाईत ‘पड आता’ सांगायचीस तशी. मी पडले असते.”

“टाळ्या तुलाच पडल्या ना.”

“त्याचंही दुःख आहे तुला?” धाकटीने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती बसच्या थांब्याकडे निघून गेली.

आई दार उघडून उभीच होती. “कशी बोलली गं?”

“चांगली बोलली.”

“आणि तू?”

आईने हे विचारलं याचंच ताईला नवल वाटलं. “एक वाक्य जास्त बोलले,” ती म्हणाली, चपला काढून आत गेली आणि तिने धाकटीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर धाकटीने उचलला. पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

“मला हेवा वाटला,” ताई म्हणाली.

नळ बंद झाला. “कशाचा?”

“तुझ्या बोलण्याचा. लोक तुझ्याकडे बघतात त्याचा. आणखी सांगू?”

“नको.” एक भांडं पालथं ठेवल्याचा आवाज आला. “ग्रंथपालांचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवतायत. मी जाणार आहे.”

ताईच्या छातीत तीच ओळखीची कळ उठली, पूर्वी उठायची तशीच, तितकीच. ती खुर्चीत बसली. “जा,” ती म्हणाली. “आदल्या दिवशी ये, भाषण ऐकते.”

“तुला? मुळीच नाही,” धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.