कढईतला शेवटचा घास

मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं, फुलगोबी किसली की तिचा भात होतो. तिचं काय जातं सांगायला! किसणीवर सोलून निघाली ती माझी बोटं.

बायकोच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. भात बंद, चालणं बंद. आणि ही बाई दोन्हींतलं एक ऐकेल तर शपथ. शेवटी चार घास भाताचे पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणे. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागायचं, मी स्क्रू काढून द्यायचो.

त्या संध्याकाळी दिग्रसच्या बाजारातून दोन गोबी आणि तुरीच्या ओल्या शेंगांचे हिरवे दाणे, म्हणजे सोले, घेऊन लवकर घरी आलो. सोल्यांचा रस्सा मला जमतो. हिरव्या मिरचीसोबत भाजायचे, लसूण घालून जाडसर वाटायचे, तेलात परतून वर गरम पाणी ओतायचं. गोबीने मात्र घात केला. किसल्यावर दिसायला अगदी तांदूळ, म्हणून मी ती तांदळासारखीच धुतली, बोट बुडवून पेरभर पाणी ठेवलं आणि कुकरला शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर आत लापशी.

"कायले एवढा कुटाणा करून राह्यले?" खाटेवरून आवाज आला. "मूठभर तांदूळ टाका न."

"तुले अंगठा पाह्यजे का भात?" मी ओरडलो. तिने भिंतीकडे कूस वळवली, आणि मला लगेच वाईट वाटलं.

दुसरी गोबी किसून पाण्याचा थेंब न घालता तव्यावर परतली. कढईतला रस्सा वाट्यांत काढला आणि तिला खाटेवरच ताट नेऊन दिलं. तिने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "घशाखाली नाई उतरत हे."

मी अंगणात जाऊन नळापासून फाटकापर्यंत येरझारा घालू लागलो. भीती वाटत होती, सरळ भीती. अंगठ्यावर थांबलं नाही तर? मागच्या गल्लीतल्या एकाचा पाय घोट्यापासून गेला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कढई वाजली. आमच्याकडे रस्सा संपला की कढईच्या कडांना चिकटलेल्या मसाल्यावर हक्क तिचा. ती त्यात उरलेला भात टाकते, बोटं गोल फिरवून कढई पुसते आणि तिथेच बसून खाते. वाटा मागितलेला खपत नाही. मला एकदम आठवलं, फ्रीजमध्ये माझ्या डब्यातला उरलेला भात आहे. मी आत धावलो.

ती पाटावर बसली होती, दुखरा पाय दुसऱ्या पाटावर लांब करून. मांडीत कढई होती आणि कढईत गोबी, मसाल्याने हिरवीगार. बोटं कडेकडेने फिरत होती.

"पाहून काय राह्यले?" ती म्हणाली.

मी नजर दुसरीकडे वळवली. न जाणो, थांबायची.

"उद्या मीठ जरा कमी टाकजा."

उद्या, असं म्हणाली ती. मी तिथेच फरशीवर बसलो. थोड्या वेळाने घासायला कढई मागितली, तर दिली नाही. कडेला अजून मसाला होता.