नोटिशीखालचा कागद

सरकारी नोटीस भिंतीवर दिसली की मेश्रामबाई तिच्याखाली आपला कागद डकवत. ठळक अक्षरांत तीनच ओळी: नोटीस काय म्हणते, कुठं जायचं, कोणत्या तारखेच्या आत. हिंगणा रोडच्या आमच्या वस्तीत वरचा कागद कोणी वाचतच नसे. कोर्टात टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना नोटिशीची भाषा पाठ होती आणि तिची मनस्वी चीडही होती. "हे लोकायले सांगाले लिहिते का लपवाले?" त्या विचारत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या महिनाभर मुलीकडे कळमेश्वरला गेल्या आणि नेमकी तेव्हाच रस्ता रुंदीकरणाची नोटीस लागली. 'विहित मुदतीत लेखी हरकत सादर न केल्यास मिळकतधारकाचे काहीएक म्हणणे नाही, असे गृहीत धरण्यात येईल.' शेजारच्या पार्बताबाईंनी खालचा गोल शिक्का पाहिला आणि सगळं ठरलंच असं धरून चालल्या. बुलडोझर आला तर विटांचा चुरा होईल, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंती त्यांनी स्वतःच उतरवल्या. मी चांगला बी.ए. झालेला माणूस. नोटीस वाचून मीच त्यांना म्हणालो होतो, "सरकारी काम आहे, काय करणार?" आज संताप येतो तो आधी स्वतःचा.

मेश्रामबाई काळा चष्मा लावून परतल्या. डोळ्यांना अजून ताण द्यायचा नव्हता. "वाच गा," त्या मला म्हणाल्या. मी वाचलं.

"अरे, ते तर विचारून राहिले होते! पाडा म्हणून कुठं लिहिलं?"

मुदत दोनच दिवसांपूर्वी संपली होती.

हरकत लिहून आम्ही तिघं नोटीस काढणाऱ्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "नोटीस रीतसर लावली होती. शिवाय बाईंनी बांधकाम स्वखुशीने काढलंय."

स्वखुशीने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेश्रामबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हीच नोटीस या बाईले साध्या बोलीत सांगून दाखवा बरं."

साहेबांनी कागद वाचला, अडखळले, पुन्हा वाचला आणि कारकुनाला हाक मारली. एवढं होऊनही त्यांनी आमची हरकत दाखल करून घेतली नाहीच. उरलेली खोलीही रस्त्यात जाणार होती.

बाहेर पार्बताबाई पायरीवरच बसल्या. "बाई, माह्याच हातानं मी माहं घर पाडलं ना वं?"

"नाही वं," मेश्रामबाई म्हणाल्या. "तीस वर्षं असेच कागद मी टाइप केले. हे कोणाले समजन का, असं एकदाही विचारलं नाही. तुह्या हातानं नाही पडलं ते. आमच्या हातानं पडलं."

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता आली नाही.