सातेच्या शेगडीतली राख

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिष्यवृत्तीवर सिंगापूरला गेले तेव्हा मनाशी ठरवलं होतं, वर्गात गावचं काही बोलायचं नाही. उगाच हसं नको. दुसऱ्या वर्षी ते ठरवलेलं मोडलं. बरं झालं मोडलं, असं आता वाटतं.

आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाला मदत करण्याचं काम होतं. तिथे समुद्राचं पाणी परसबागांमध्ये शिरून चवळीचं बियाणं गेलं होतं. वाचलेल्या मूठभर दाण्यांपासून आमच्या विभागाने दोन किलो बी तयार केलं होतं. ते न्यायला तिथल्या शेतीखात्यातल्या एक बाई पंधरा दिवसांसाठी आल्या. जाड चष्मा, सैल फुलाफुलांचा झगा आणि मोठं हसू. पण पहिल्याच बैठकीत ते हसू मावळलं. मागच्या वेळी पाठवलेलं बी बेटांवर पोहोचेपर्यंत बुरशीने गेलं होतं. बोटीचा आठवडाभराचा प्रवास, दमट हवा आणि फ्रीज कुठेच नाही.

"ओल शोषणाऱ्या पुड्या देऊ," मॅडम म्हणाल्या.

"आणि त्या संपल्यावर?" बाईंनी विचारलं. "हे बी मेलं तर आमच्याकडे दुसरं नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई राखेत ठेवते."

मग सगळं सांगावंच लागलं. कोकणातल्या ओल्या हवेत आई पडवळाचं, चवळीचं बी कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. कोणी हसलं नाही. बाईंनी वही उघडली. "राख किती, बी किती?"

मला सांगता येईना. आई मापत नाही.

"शुक्रवारी करूनच दाखव," मॅडम म्हणाल्या.

राख आणायची कुठून? सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात मी एका मराठी काकूंच्या फ्लॅटमध्ये राहायचे. तिथे गॅस. काकू म्हणाल्या, "अगं, एवढा समुद्र ओलांडून आलीस ती राख शोधायला? तुझ्या आईला कळलं तर परत बोलावून घेईल!" पण हसत हसत त्यांनी स्टीलचा डबा काढून दिला.

त्या महिन्यात तिथले चिनी लोक पितरांसाठी कागद जाळतात. आमच्या इमारतीखाली त्यासाठी पत्र्याची पिंपं ठेवलेली असत. मला दिसली ती फक्त राख. मी डबा आणि चमचा घेऊन वाकले, आणि मागून आवाज आला.

"ऐय्या, गर्ल! काय करतेस? ते माझ्या आईला पाठवलंय, लाह!"

तळमजल्यावरच्या चिनी आंटी होत्या; 'लाह' हे तिथल्या बोलण्यातलं शेपूट. माझ्या हातातला चमचा गळून पडला. आमच्याकडे अंगारा कपाळाला लावतात, पितरांच्या पानाला कोणी हात लावत नाही. हे सगळं ठाऊक असून मी डबा घेऊन उभी होते. सॉरी म्हणताना रडू फुटलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बियाण्याची सगळी गोष्ट सांगितली.

आंटी ऐकत राहिल्या. "बागेत समुद्र आला? मग खातात काय?"

"बोटीने येईल ते. तांदूळ, डबे."

"आणि बोट नाही आली तर?"

मी खाली पडलेला चमचा उचलला.

"ही राख नको. सोनेरी कागदाचा रंग असतो हिच्यात, बी मरेल. चल."

मनगट धरून त्यांनी मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, नेलं. तिथे एक म्हातारा काड्यांना टोचलेलं मांस, म्हणजे साते, कोळशाच्या शेगडीवर भाजायचा. आंटींनी त्याला काहीतरी सांगितलं. तो म्हणाला, "रोज फेकतो मी. ने सगळी!" मग आंटींनी स्वतःच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ती राख चहाच्या गाळण्याने चाळली. कोपरापर्यंत राखाडी झाल्या होत्या. "आई पाहतेय वरून," मध्येच म्हणाल्या. "तिला आवडेल. ती पण भाजी लावायची."

शुक्रवारी अंदाजानेच दुधाच्या पावडरच्या डब्यांत अर्धं बी, अर्धी राख घातली. आठवड्याने काही दाणे काढून ओल्या फडक्यावर ठेवले. मी रोज सकाळी आधी प्रयोगशाळेत जायचे. तिसऱ्या दिवशी दोन सोडून सगळ्या दाण्यांना पांढरे मोड आले. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. डब्यांची झाकणं मेणबत्तीच्या मेणाने बंद करून त्या गेल्या.

तीन महिने काही कळलं नाही. मग ईमेल आला. शेवटच्या बेटावरही चवळी उगवली होती, आणि आता तिथल्या बायका नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या सालांची, राख वापरत होत्या.

मी आधी आंटींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "समुद्राला नाही मिळालं ते बी, हां!" आणि सातेवाल्या म्हाताऱ्याला सांगायला निघाल्यासुद्धा.

संध्याकाळी गावी शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला बोलावलं. दूरच्या एका देशाने तिचं ऐकलं, याचं तिला विशेष काही वाटलं नाही.

"राख चाळून घेतली होतीस ना?" तिने विचारलं.

"इथल्या एका मावशींनी चाळली."

"मग उगवणारच," आई म्हणाली. "त्यांना माझा नमस्कार सांग."