घोट्याच्या वर येणारे बूट

माझा डावा घोटा लहानपणी चाळीच्या जिन्यात मोडला आणि एका हाडवैद्याने तो स्वतःच्या कल्पनेप्रमाणे जोडला. तेव्हापासून पाऊल आत वळतं आणि चालताना अंग एका बाजूला झुकतं. एरवी त्याचं काही अडत नसे. अडायचं ते मला बघायला लोक आले की. पोहे खाऊन झाले की त्यांच्यातली एखादी बाई गोड आवाजात म्हणायची, "जरा आतून पाणी आण बघू, बाळ." तहान कुणालाच लागलेली नसायची. मी पाणी आणेपर्यंत बैठक मोडलेली असायची.

मी दादरच्या एका वाचनालयात काम करत होते. तिथे एक तरुण येत असे. तो पुस्तकं वाचून परत करायचा, नुसती नेऊन परत करायचा नाही. हा फरक टेबलामागे बसलेल्या माणसाला कळतो. त्याने मला कायम टेबलामागे बसलेलंच पाहिलं होतं. त्याच्या घरून विचारणा झाली तेव्हा, आयुष्यात प्रथमच, मला एक लग्न व्हावंसं वाटलं.

त्याचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले वक्ते होते. म्हणजे लाठ्या खाणारे वेगळे आणि त्यांच्यावर बोलणारे वेगळे, त्यांतले हे दुसरे. आमच्या घरी निरोप आणणाऱ्यालाच त्यांनी सुनावलं, "मुलगी बघायला यायला ती काय मंडईतली भाजी आहे? नव्या महाराष्ट्रात हे चालणार नाही. रविवारी आमच्या मंडळाची गडावर सहल आहे. तिथे मोकळेपणी भेटू."

आई गेल्यापासून आमचं घर आत्या चालवत होती. ती हरखून गेली. "अगं, घरात अनवाणी चालावं लागतं. डोंगरात बूट घालतात! देवच पावला."

आम्ही गिरगावातल्या एका दुकानात संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी घेतलेला बूट चढणीवर आवळतो. बायकांसाठी डोंगरातले बूट तेव्हा कुणी करत नसे. दुकानदाराने मुलांचे काढले. मी जाड मोजे घालून एकेक जोड पायात चढवला. एकात टाच उचलली जात होती, एकात बोटं पुढे दाबत होती. शेवटी घोट्याच्या वर येणारा, नाड्या आवळल्या की हाड धरून ठेवणारा एक जोड मिळाला. डाव्या बुटात कॉर्कचा तुकडा बसवून घेतला आणि दुकानभर फिरले. अंग झुकलं नाही.

"धाकट्या भावासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. "दोघांचं माप एकच आहे." मला भाऊ नव्हता.

गडावर देवीचं देऊळ आहे आणि तिथे बूट काढावे लागणार, हेही तिने ध्यानात घेतलं होतं. "देवळाशी आलो की मी त्याच्या आईच्या कानात सांगेन, हिला अडचण आहे, ही बाहेरच बसेल. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही."

रविवारी मी नऊवारीचा काष्टा आणि बूट अशा अवतारात चढले आणि उत्तम चढले. तो शेजारून चालत होता, पुस्तकांबद्दल बोलत होता, आणि मी उत्तरं देताना एकदाही खाली पाहिलं नाही. त्याची आई मागून येत होती. तिने आत्याला म्हटलेलं मला ऐकू आलं, "काटक आहे हो तुमची मुलगी."

त्याच्या वडिलांचे हाल होते. खास या दिवसासाठी त्यांनी कोऱ्या कोल्हापुरी वहाणा घेतल्या होत्या. बूट म्हणजे साहेबाची गुलामी, असं ते पायथ्याशी बोललेही होते. कोऱ्या वहाणांना आधी तेल पाजावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. गडाच्या दरवाजाशी येईपर्यंत त्यांचे दोन्ही अंगठे सोलून निघाले होते. तिथे ते थांबले, वहाणा काढल्या, त्या डोक्यावर धरल्या आणि म्हणाले, "बांधवांनो, या मातीला महाराजांचे पाय लागले आहेत. इथे पायतण घालून फिरायचं? हा सारा गडच आमचं देऊळ!"

मंडळाने जयजयकार केला आणि पादत्राणं काढली. माझं आजही मत आहे की त्या मातीचं पावित्र्य त्यांच्या अंगठ्यांत सुरू झालं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. अडचण असलेल्या बाईलाही अनवाणी चालता येतं. मी नाड्या सोडल्या.

देवळापर्यंतची वाट उघड्या पठारावरून होती. मी चालू लागले तसा त्याचा आवाज एका वाक्याच्या मधेच बंद झाला.

"काटा लागला वाटतं!" आत्या ओरडली.

"बस गं इथे," त्याची आई म्हणाली. तिने माझं पाऊल मांडीवर घेतलं, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि तळवा पुसून पाहिला. मग तिचा अंगठा घोट्यावर गेला. जुन्या हाडावर तो सावकाश फिरला, एकदा पुढे, एकदा मागे, मंडईत काकडी निवडताना फिरतो तसा. तिचा हात प्रेमळ होता, हे सांगायला हवं.

"काटा नाहीये," ती म्हणाली आणि पिन बांगडीला परत अडकवली.

पठारावर भाषण झालं. लाडूही झाले. उतरताना मी पुन्हा बूट घातले. अर्ध्या वाटेवर तो माझ्या बाजूला आला.

"तुम्ही काळजी करू नका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "नकार देताना पायाचं कारण सांगायला मी घरच्यांना मनाई करणार आहे. ते बरं दिसत नाही. पत्रिका जुळत नाही असं कळवू."

"पण तुमच्याकडून पत्रिका मागितलीच नव्हती."

तो थोडा विचारात पडला. "हो, ते राहिलंच. उद्याच मागवून घेतो."

त्याला मनापासून वाटत होतं की आपण माझ्यावर उपकार करतो आहोत, आणि मी आभार मानीन म्हणून तो थांबलाही. मी मानले. मग मी पुढे झाले. उतार निसरडा होता, त्याचे वडील दोघांच्या खांद्यांवर हात टाकून कण्हत उतरत होते, आणि माझी पावलं मात्र कुठेच घसरत नव्हती.