लालमहंमद रंगाऱ्याचा पायपंप

दौंडला रेल्वेच्या साहेबलोकांचे बंगले होते. बंगल्यापुढं बाग, बागेला लाकडी फळ्यांचं कुंपण, आणि मागच्या अंगाला सरपण, सायकली न् मोडक्या खुर्च्या कोंबायची एक शेड. ही कुंपणं आणि शेडी दरवर्षी दिवाळीच्या आत चुन्यानं पांढऱ्याफेक व्हायच्या, आणि त्या करायच्या लालमहंमद रंगाऱ्यानंच. असं कुणी ठरवून दिलं नव्हतं. आधी त्याचा बाप हे काम करायचा, बापामागं तो करायला लागला, आणि दौंडच्या माणसांना दुसरं कुणी डोळ्यांपुढं येतच नसे.

गडी मोठा तोऱ्याचा होता. घरातल्या भिंती रंगवायला बोलावलं तर सरळ नाही म्हणायचा. "भितीला एकच त्वांड असतंय. फळीला चार असत्यात. भित कुणीबी रंगवंल," असं तो समोरच्याच्या तोंडावर सांगे. दोन फळ्यांच्या फटीत कुंचा असा फिरवायचा की आतली कड सुटायची नाही आणि खाली बागेत थेंब पडायचा नाही. घरी चुना विरवायचं आणि गाळायचं काम त्याची बायको मदिना करायची. तिनं गाळलेल्या चुन्यात मूठभर डिंक मात्र तो स्वतःच्या हातानं घाले. बापाची शिकवण होती ती, आणि त्यात बायकोला मधे येऊ देत नसे. घरात दोघं दखनी बोलत, पण भांडण निघालं की दोघंही अस्सल मराठीवर येत. भांडण बहुतेक वेळा डिंकावरूनच निघायचं, कारण चुना ढवळून तिचे हात भरून यायचे आणि नाव मात्र डिंकाचं व्हायचं.

एका उन्हाळ्यात स्टेशनातल्या मालाच्या शेडीवर काम करताना शिडी सरकली आणि लालमहंमद उजव्या खांद्यावर आपटला. हाडवैद्यानं खांदा बसवला, लेप लावला, पाला बांधला. दुखणं गेलं, पण हात काही छातीच्या वर जाईना. घास तोंडात घालायचा तर मान खाली न्यावी लागे. ज्याच्या जन्माचं काम हात वर करण्याचं, त्याला हे केवढं वाटलं असेल! त्यानं आठ-पंधरा दिवस कुणाला तोंडच दाखवलं नाही.

बंगल्यांची कामं वाटायचा भिमाजी मुकादम. माणूस वाईट नव्हता. तो घरी आला, चहा प्याला आणि मग हळूच म्हणाला, "लालभाई, फाटकावर बसायची जागा रिकामी हाय. सावलीचं काम. घेताय का?"

"मी काय म्हातारा झालोय का बसायला?" लालमहंमद उसळला.

"मग कुंपणं कोण करनार?"

"मीच. दुसरं कोण करनार?"

भिमाजीनं त्याच्या हाताकडं पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. "बरं. दसऱ्यापातुर थांबतो. कोपऱ्यावरच्या बंगल्याचं कुंपण आन् शेड करून दावा. सगळं काम तुमचं. न्हाई जमलं, तर मला पुन्याची टोळी बोलवावी लागंल. आन् ती एकदा आली, की जायाची न्हाई, हे तुम्हालाबी ठावं हाय."

भिमाजी गेला आणि लालमहंमदनं कुंचा काढून डाव्या हातात धरून पाहिला. दारामागच्या भिंतीवर चार फटकारे मारले. पोरानं शेणानं माखावी तशी भिंत दिसायला लागली. त्यानं कुंचा ठेवून दिला, पण हट्ट काही ठेवला नाही.

त्या काळात हिवतापवाली माणसं गावोगाव औषध मारत फिरत. दौंडच्या गल्लीत ती आली तेव्हा सगळे नाकाला फडकं लावून बाहेर पळाले आणि लालमहंमद तेवढा आत घुसला. एकजण बादलीतला पंप दाबत होता, दुसरा लांब दांडी धरून भिंतीवर फवारा सोडत होता. दांडी आढ्यापर्यंत पोचत होती आणि धरणाऱ्याचा हात कमरेशी होता. लालमहंमदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. औषधाच्या जागी चुना घातला की झालं!

"ह्यो एकट्याला चालवता येतो का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा, दोन मानसं लागत्यात," पंपवाला म्हणाला.

"मग नगं," लालमहंमद म्हणाला. त्याला दुसरं माणूस नको होतं. दुसरा आला की लोक काम त्याचं म्हणायचे आणि लालमहंमद नुसता बरोबर असतो म्हणायचे, हे तो ओळखून होता.

मग त्यानं पंपांचा ध्यासच घेतला. चहावाल्याकडचा डास मारायचा हातपंप आणून त्यात चुना भरला. अर्धी फळी भिजायच्या आत पंपाचं तोंड चुन्यानं बुजलं, आणि चहावाल्यानं पुढं कितीतरी दिवस त्याला उधारीवर चहा दिला नाही. शेवटी तळेगाव ढमढेऱ्याच्या दगडोबाची आठवण झाली. दगडोबा भाजीपाल्याचा बागाईतदार, त्याच्या विहिरीवरची शेड लालमहंमदनं एकदा रंगवून दिली होती. त्याच्याकडं पाठीवर अडकवायचा पितळी पंप होता. डाव्या हातानं दांडा हलवायचा, उजव्या हातानं नळी धरायची. एकट्याचं काम!

"ने बाबा," दगडोबा म्हणाला. "पर ह्यो पान्यासारक्या पातळ औषधाचा पंप हाय. घट काय घालू नगंस."

"न्हाई आबा. चुना पातळच करतो मी," लालमहंमदनं कबूल केलं आणि पंप पाठीवर मारून एस्टीत बसला.

कोपऱ्यावरच्या बंगल्यावर तो एकटाच गेला. मदिनानं चुना दोनदा मलमलीतून गाळून दिला होता. सकाळी फवारा असा सुटला की काय सांगावं! कुंच्यानं दुपारपर्यंत जेवढं व्हायचं तेवढं न्याहारीच्या आत झालं. खांद्यावर पट्टा काचत होता, फटीतून चुना पलीकडं जाऊन साहेबीणबाईंचे गुलाबही पांढरे झाले होते, पण लालमहंमदला त्याचं भान नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून तो कुंपण दाखवत होता. दुपारी भरलेला पंप उन्हात ठेवून तो नमाज पढायला गेला, भाकरी खाल्ली, जरा पाठ टेकली.

परत येऊन दांडा हलवला तर हलेना. नळी काठीसारखी ताठ झालेली. त्यानं जोर केला, आणखी जोर केला, आणि आत काहीतरी कट्ट झालं. अर्धं कुंपण पांढरं, अर्धं तसंच, आणि मधे लालमहंमद परक्याचा मोडका पंप घेऊन उभा. मघाशी ज्यांना थांबवून दाखवलं होतं तेच आता न बोलावता थांबले. कुणी हसलं, कुणी च् च् केलं. त्याला च् च् जास्त लागलं.

घरी मदिनानं पाणी उकळलं. दोघांनी पंप खोलला. आतून पिवळट चिकट थर निघाला, तो तिनं बोटावर घेऊन पाहिला.

"डिंक घातला व्हता?"

"घातला. चुना धरायचा कसा मग?"

"गुलाबावरचा धुतला तरी निघंना म्हून साहेबीनबाई वरडत व्हती. त्यो गुलाबावर धरला, नळीत धरला, उनात वाळून पंपाच्या आतबी धरला. कुंच्यानं मारताना ठीक व्हतं. पंपाला डिंक कसा चालंल?"

लालमहंमदला राग आला. बापाची मूठ होती ती. बाप वारला तेव्हा त्याच्या मागं कुंचा आणि ती मूठ एवढंच राहिलं होतं. कुंचा हातातून गेलाच होता. आता मूठही सोडायची म्हणजे मग आपल्यापाशी बापाचं राहिलं काय, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला तो नळीत तार घालून जोरजोरात खरवडत बसला. नळी मोकळी झाली तसा म्हणाला, "मीठ घालून बगू. मिठानंबी धरतो म्हनत्यात."

"धरतो की. चुलीमागच्या भितीला मी मीठच घालते," मदिना म्हणाली आणि पाणी उकळायला परत चुलीकडं गेली.

लालमहंमदनं पंपाचं चामडं बदललं, पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं आणि झालेलं सगळं सांगून दगडोबाला पंप परत दिला. दगडोबानं चार शिव्या दिल्या, मग जेवायला वाढलं. "पाठीवरचा तुझ्या खांद्याला सोसायचा न्हाई," तो म्हणाला. "शिरूरला नवे पंप आल्यात म्हनं. जाऊन बग. आपला पंप आपन घ्यावा."

मदिनाची एक बकरी होती. ती शिरूरच्या बाजारात विकायचं ठरलं, आणि बकरी तिची म्हणून तीही बरोबर निघाली. वाटेत ती बकरीशीच बोलत होती, नवऱ्याशी नाही. लालमहंमदला खाली बघण्यावाचून इलाज नव्हता.

पेठेत इंजिनं आणि बी-बियाण्यांचं एक दुकान होतं. दुकानदारानं मागच्या अंगणात दोन पंप काढून मांडले. एक पाठीवरचा नवा, दुसरा पायानं दाबायचा. पायाचा पंप जमिनीवर उभा करायचा, त्याची एक नळी चुन्याच्या बादलीत सोडायची, पायानं पावटी दाबत राहायची, आणि दुसरी लांब नळी दांडीला जोडून दुसऱ्यानं फवारायचं. पाठीवर ओझं नाही, आत काही साठून राहत नाही, आणि दांडीला बांबू बांधला तर शेडीच्या छपराच्या पाखीपर्यंत धार जाते.

लालमहंमदनं आधी पाठीवरचा चढवला. पाणी भरलं तसा पट्टा मोडक्या खांद्यात रुतला. दात खाऊन तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला, परत आला. तोंड घामानं निथळत होतं. "ह्योच घेतो," तो म्हणाला.

"दिवाळीपातुर तेवढाबी हात जाईल तुमचा," मदिना म्हणाली.

"गेला तर माझा जाईल."

"तुमच्याकडं पायाच्या पंपाला दुसरा माणूस आहे का?" दुकानदारानं विचारलं.

मदिनानं बकरीची रिकामी दोरी खाली टाकली, पदर खोचला आणि पायाच्या पंपाची दांडी उचलली.

"ठेव खाली. लोक काय म्हनतील?"

"घर सारवताना कवा कोन काय म्हनलं न्हाई. भितीला पोतारा देताना म्हनलं न्हाई. कुंपनालाच बरं म्हनतील? दाबा."

दुकानदारापुढं तमाशा नको म्हणून त्यानं पावटीवर पाय ठेवला आणि दाबला. पाण्याचा फवारा सुटला. मदिनाचा हात अंगणाच्या कुडावरून डावीकडून उजवीकडं गेला आणि तसाच सरळ परत आला. इतकी वर्षं सारवलेला हात. कुठं थांबला नाही, कुठं दोनदा गेला नाही. लालमहंमद बघतच राहिला, आणि बघण्याच्या नादात त्याचा पाय थांबला. लगेच धार तुटली आणि कुडावर मोठा ओघळ आला.

"पाय थांबवू नगा," ती वळूनही न पाहता म्हणाली.

तो परत दाबायला लागला. आता त्याला कळलं की धार सारखी राहायची तर पायाचा ठेका सारखा पाहिजे. जोरात दाबलं तर फवारा भडकतो, ढिलं सोडलं तर गळतो. नुसतं दाबणं नव्हतं ते. कुंचा धरायच्या वेळी मनगटात जे लागायचं तेच आता पोटरीत लागत होतं. त्यानं आणखी एक कूड ओला करून पाहिला, मग आणखी एक. दुकानदार म्हणाला, "अहो, पंप घ्यायचाय का अंगण धुवायचंय?"

"ह्यो द्या," लालमहंमद म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं बायकोकडं सरळ पाहिलं.

दसरा जवळ आला होता. कोपऱ्यावरच्या बंगल्यावर दोघं पोचली तेव्हा कुंपणाशी माणसं जमलीच. लालमहंमदनं आधी कुंपणाच्या आतून तरट टांगलं, म्हणजे फटीतून गेलेला चुना गुलाबावर न पडता तरटावर पडावा. चुन्यात मीठ घातलं. मूठ भरताना हात क्षणभर थांबला, मग मोकळा झाला. एक म्हातारा म्हणाला, "आता रंगारी बायकू कामाला लावतोय व्हय!" पावटीवर पाय ठेवून लालमहंमद बायकोला म्हणाला, "धर सरळ."

जुनं अर्धं कुंपण आणि नवं अर्धं कुंपण मिळून एक झालं. मग शेड. दांडीला बांबू बांधला आणि मदिनानं पाखीच्या कडेपर्यंत फवारा नेला, जिथं लालमहंमदचा हात आता कधीच पोचणार नव्हता. पाय दमला की तो बदलायचा, ठेका चुकू द्यायचा नाही. जमलेली माणसं हसून हसून कंटाळली आणि आपापल्या कामाला गेली.

भिमाजी मुकादम आला तेव्हा ऊन उतरत होतं. तो कुंपणाच्या कडेनं चालत गेला. फळीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, फटीत डोकावला, शेडीच्या पाखीकडं मान वर करून पाहिलं. पंपाकडं त्याचं लक्ष फारसं गेलं नाही. मदिना दांडी टेकवून बाजूला उभी होती, डोक्यावरचा पदर चुन्यानं पांढरा झालेला.

"लालभाई," भिमाजी म्हणाला, "मी उगीच भ्यालो राव. सगळे बंगले तुमचे. खांदा गेला तरी हात काय गेला न्हाई तुमचा!"

एवढंच ऐकायला लालमहंमद उन्हाळ्यापासून जिवाचं रान करत होता. त्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मदिनानंही काही म्हटलं नसतं, ती बादली उचलायला वाकलीच होती.

"माझा हात गेला, मुकादम," लालमहंमद म्हणाला. "ह्यो हात हिचा हाय. माझा पाय हाय."

मदिना बादली तिथंच ठेवून उभी राहिली.

"आन् उद्या दुसऱ्या बंगल्यावर दोगंबी येनार," तो म्हणाला आणि नळीतून साधं पाणी काढून ती धुवायला पावटीवर परत पाय ठेवला. "धर दांडी. चुना वाळंल."