चुकीच्या घरी आलेली बाई

मसणातून परतलेल्यांनी पानं चावावीत म्हणून दाराशी ठेवलेली कडुनिंबाची डहाळी अजून तिथेच सुकते आहे. आमचे हे गेल्यापासून अमरावतीच्या या फ्लॅटमध्ये तोच वास भरून आहे. त्या वासाने मला लहानपणीच्या, चांदूर बाजारच्या माहेरी नेलं.

माझा मोठा भाऊ विहिरीत बुडाला होता. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. तिला रडतं करायला शेजारच्या बायका गळ्यात पडून रडल्या, थकल्या. आई ढिम्म. तेवढ्यात परतवाड्याच्या जीपमधून उतरलेली एक अनोळखी म्हातारी ओसरीतूनच हंबरडा फोडत आली अन् आईला बिलगली. "माहा भाऊ गेला वं माय!"

मागच्या गल्लीतही कोणी गेलं होतं. काकू हळूच म्हणाली, "बाई, तुमचं घर तिकडे हाये. इथं पोरगा गेला."

म्हातारी ओशाळली, पदराने तोंड पुसत उठू लागली. पण आईने तिचं लुगडं मुठीत घट्ट धरलं होतं. "जाऊ नोका," आई म्हणाली.

म्हातारी परत खाली बसली. "नाई जात. रड तू." आणि आई रडली.

तेव्हा मला त्या म्हातारीचीच लाज वाटली होती.

आज फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं येऊन राहिली आहेत. सकाळपासून मी दार उघडं ठेवलं आहे. जिन्यात पावलं वाजतात, वर निघून जातात. इथे दारादारावर नावाच्या पाट्या आहेत, कोणी घर चुकत नाही.