मशीनला गंध

वेल्डिंग मशीन सुरक्षितपणे कसं जोडावं, हे मी अठरा वर्षं लोकांना शिकवतोय. स्वतः आजवर एकदाच जोडलं.

तमिळ मुलखातल्या इरुंगाट्टुकोट्टै गावच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. माझा तासभराचा वर्ग ऐकल्याशिवाय नव्या कामगाराला मशीनजवळ सोडत नाहीत. (वर्ग ऐकल्यावर काहीजण आपणहूनच लांब राहतात.) त्यामुळे नवरात्राच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोच्या, जयंतीच्या, कोलूच्या लोखंडी स्टँडचा पाय तुटला, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. जयंती मात्र रडकुंडीला आली. तिचं माहेर तंजावरच्या मराठ्यांचं. कोलू म्हणजे नवरात्रात नऊ पायऱ्यांवर पणजीच्या मातीच्या बाहुल्या मांडायच्या, त्यात एकाही वर्षी खंड नाही.

"सेल्वमला बोलवा," ती म्हणाली. सेल्वम आमच्या कारखान्यातला वेल्डर, दोन गल्ल्या सोडून राहतो.

"सेल्वमला शिकवलं कुणी?" असं म्हणून मी बाजारात गेलो आणि नवंकोरं मशीन घेऊन आलो.

गच्चीवर मांडामांड केली. सोळा अँपिअरचा सॉकेट तपासला, अर्थिंग तपासलं, वायरची गुंडाळी पूर्ण उलगडली, वाळूची बादली ठेवली. स्टँडचा पाय घासून चकचकीत केला. हातमोजे, बूट, तोंडावर काळी काच. आता बटण दाबणार, तोच सासूबाई चंदनाची वाटी आणि कुंकू घेऊन जिना चढून आल्या.

"माप्पिळ्ळै, नवं मिशीन अहे. पोट्टू लावल्यावाचून सुरू करतां?" (जावयाला त्या तमिळमध्येच हाक मारतात; पोट्टू म्हणजे गंधाचा टिळा.)

मी मूळचा साताऱ्याचा, पण सासूबाईंसमोर कमी पडायचं नाही हा माझा बाणा. मशीनच्या चारी बाजूंना मी गंध-कुंकू लावलं. बटणाला लावलं. वायरच्या टोकाला लोखंड पकडणारा चिमटा असतो, त्याच्या जबड्यात तर आतून बोटभर जाड लेप दिला. सासूबाईंचे डोळे भरून आले. उन्हात तो लेप खडखडीत वाळला.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. वेल्डिंगची काडी टेकवली तर ठिणगीचं नाव नाही. पुन्हा टेकवली. काहीच नाही. मी प्लग बदलला, काडी बदलली, वीजमंडळाला नावं ठेवली, दुकानदाराचा उद्धार केला. दोन तासांनी जयंती वर आली.

"बाहुल्या ताईकडे पाठवू का? तिच्याकडे लाकडी पायऱ्या आहेत."

एवढं बोलून ती गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभी राहिली. मला खरंच वाईट वाटलं. मी मुकाट्याने सेल्वमला फोन लावला.

सेल्वम लुंगीवर आला. त्याने आधी मशीन बंद केलं, प्लग काढला, चिमटा उघडून आत पाहिलं आणि वाळलेल्या लेपावर नखाने टकटक केली.

"सार," तो अदबीने म्हणाला, "चिमटा स्वच्छ लोखंडाला स्वच्छ लोखंडाने पकडायला हवा. मध्ये काही आलं, तर करंट जात नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, सार. पहिल्याच दिवशी."

त्याने चिमटा घासला, सोबत आणलेली काच तोंडावर चढवली आणि पाच मिनिटांत पाय जोडून दिला. माझी काळी काच अजून माझ्या तोंडावरच होती, तिचा एवढा उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ पायऱ्या भरल्या. सासूबाईंच्या आग्रहाखातर मशीनही खालच्या पायरीवर, बाहुल्यांच्या रांगेत बसलं. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीने मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे चालतं का हो?"

जयंतीने आधी मशीनकडे पाहिलं, मग प्रसादाचं हरभऱ्यांचं सुंडल वाटत उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"मशीन चालतं," ती म्हणाली.